प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचाय (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगानं पळवायचाय), पहिल्यांदाच. न जाळता कसं करू?

पऱ्हाटीतला पीसी | ११ एप्रिल, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचक होतो, आज पहिला धागा काढून राहिलो. चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

मी दारव्ह्याजवळच्या एका गावात राहतो. दिवसा ऑनलाइन फॉर्म, सातबारा, पीक विमा. लगीनसराईत शूटिंग आणि मिक्सिंग. देतो मी पेनड्राइव्ह, पण गावात अजून 'कॅसेट कधी देता' असंच विचारतात.

मशीन: रायझेन ५ ३६००, बी४५० बोर्ड, ८-८ जीबीच्या दोन ३२००च्या रॅम, ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १६५०. कूलर प्रोसेसरसोबत खोक्यात आलेलाच. २०२० साली नागपूरहून आणलं, वॉरंटी कधीच संपली.

अडचण अशी की हिवाळ्यात जे लग्न ४० मिनिटांत रेंडर होत होतं (एडिट करून पक्की व्हिडिओ फाइल बनत होती), त्याला आता ५५ लागून राहिले. एप्रिल-मे मिळून अठरा लग्नं हातात आहेत. यूट्यूबवर पोट्टे हाच प्रोसेसर ४.४ गिगाहर्ट्झवर नेऊन राहिले. मला सगळ्या कोअरवर ४.२ मिळाला तरी लय झालं. व्होल्टेज किती द्यायचं, टेम्परेचर कितीपर्यंत चालतं, आणि बिघडलं तर परत मूळ जागी कसं यायचं, एवढं सांगा. बायॉस (बोर्डाच्या मूळ सेटिंगचा पडदा) उघडता येतो, त्यापुढं कोरा आहे.

हो, कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात. पण ते पहिल्यापासूनच आहे, त्याचा याच्याशी संबंध नसावा.

---

बावनथडी | रात्री १०:४९

पहिला! आता वाचतो.

---

तर्री पोहे | रात्री १०:५५

एप्रिलात ओव्हरक्लॉकिंग? भाऊ, आमच्या चंद्रपुरात सूर्यच ओव्हरक्लॉक होऊन रायला अन् कोणी डिफॉल्टवर आणून नाही रायलं.

---

डबल डेकर | रात्री ११:०३

सोपं आहे. बायॉसमध्ये रेशो, म्हणजे १०० मेगाहर्ट्झचा गुणक, ४३ कर, व्होल्टेज १.४५ टाक, सेव्ह, रीस्टार्ट. पाच मिनिटांचं काम. ऑटोवरसुद्धा मॉनिटरमध्ये १.४५ दिसतंच की, म्हणजे कंपनीला चालतं. लोक उगाच बाऊ करतात.

---

मीनल वणीकर | रात्री ११:२०

धागाकर्ते, वरचा प्रतिसाद वाचून काही करू नका. हात जोडते.

डबल डेकर, १.४५ दिसतं हे खरं, पण कधी दिसतं ते बघा. एक-दोन कोअर क्षणभर ४.२ला उडी मारतात तेव्हा. त्या वेळी करंट कमी असतो. सगळ्या सहा कोअरवर रेंडरचा भार आला की हाच प्रोसेसर व्होल्टेज स्वतःहून बराच खाली आणतो. तुम्ही मॅन्युअल १.४५ ठोकलं की पूर्ण भारातही तेच राहणार. लगेच जळणार नाही, हीच तर गंमत. पाच-सहा महिन्यांनी जो वेग आरामात चालायचा तो चालेनासा होतो, मग आणखी व्होल्टेज, मग आणखी खराबी. सिलिकॉन असंच हळूहळू झिजतं. ३६००ला कायमच्या रेंडरसाठी मी १.३च्या वर जाणार नाही.

उष्णतेचा हिशोबही बघा. वीज खाण्याचं प्रमाण वेगाच्या पटीत वाढतं, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतं. ३.९ गिगाहर्ट्झ आणि १.२ व्होल्टवरून ४.२ आणि १.३५वर गेलात तर वेग मिळतो जेमतेम ८ टक्के, आणि वीज लागते साधारण ३६ टक्के जास्त. ती सगळी त्या चपट्या कूलरनं बाहेर फेकायची, दारव्ह्यात, एप्रिलात.

आणि हिवाळ्यात ४० मिनिटं, आता ५५, हे तुम्हीच लिहिलंय. प्रोसेसर हळू नाही झालेला. तो तापून स्वतःच वेग कमी करतोय. ३६००ची कमाल मर्यादा ९५ अंश. आधी एचडब्ल्यूइन्फो (टेम्परेचर, वेग दाखवणारं) टाका, सिनेबेंच आर२३ (पूर्ण भार टाकून गुण देणारी चाचणी) दहा मिनिटं चालवा आणि आकडे इथे द्या. तोवर बायॉसला हात नको.

---

कास्तकार २.० | १२ एप्रिल, सकाळी ६:१५

मी सांगू का, करूच नका. बैलाले तुतारी टोचली म्हून वखर जास्त चालत नाही. चारा-पानी पायजे, अन् दुपारी सावली. ज्याच्यावर घर चालते त्या जनावरावर परयोग करू नये. करायचा तं दुसऱ्याच्या बैलावर करा.

---

सोल्डर काका | सकाळी ७:४०

कास्तकार साहेबांचं अर्धं पटलं.

मी हे उद्योग १९९८पासून केलेत. तेव्हा इंजिनिअरिंगला होतो, अमरावतीला. सेलेरॉन ३००ए आला होता. बस (बोर्डाचा मूळ ठोका) ६६ची, गुणक साडेचार, म्हणजे ३०० मेगाहर्ट्झ. बोर्डावर बस १०० केली की थेट ४५०. गुणक बंद होता, पण बस आपल्या हातात होती. होस्टेलमध्ये एकानं केलं आणि आठवड्याभरात सगळ्या मजल्यावर ४५० दिसायला लागले. पुढे ॲथलॉन आला, त्याच्यावरच्या तांब्याच्या तुटक्या रेघा पेन्सिलीनं घासून जोडल्या की गुणक मोकळा व्हायचा. एचबी पेन्सिल आणि भिंग घेऊन बसायचो, सोनारासारखे.

हे सांगायचं कारण, तेव्हा दीडपट वेग मिळायचा. कंपन्या चांगले चिप स्वस्तात मुद्दाम कमी वेगाचे म्हणून विकायच्या. आता तो वेग कंपनीच बूस्टच्या नावाखाली वापरून घेते. २०११च्या आय५ २५००केनंतर तशी मजा फारशी राहिली नाही. ३६०० तर डब्यातूनच जवळपास पिळलेला येतो. त्यामुळे 'पळवण्या'पेक्षा 'अडतो कुठे' हे शोधा.

शिकण्यासाठी करायचं असेल तर मात्र जरूर करा. नीट केलं तर जळत नाही. मी आजवर प्रोसेसर एकही जाळला नाही. बोर्ड दोन जाळले, पण ते वेगळ्या कारणानं. ती गोष्ट नंतर.

---

लॅपटॉपवाला गजू | सकाळी ८:०२

माझ्याकडं आय३ लॅपटॉप आहे, लय गरम होते. तो ओव्हरक्लॉक होईल का?

---

फेज गेली | सकाळी ८:३०

माझा व्यवसाय वायरिंगचा. सगळे गिगाहर्ट्झवर बोलून राहिले, अन् शेवटच्या ओळीतल्या झिणझिण्या कोणाले दिसल्या नाहीत?

भाऊ, संबंध आहे आणि तोच पहिला आहे. कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यात, फिल्टरचे दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून अर्थला जोडलेले असतात. अर्थिंग असलं तर त्यातून झिरपणारा करंट जमिनीत जातो. नसलं तर पत्र्यावर साधारण ११५ व्होल्ट, म्हणजे २३०च्या निम्मे, येऊन बसतात. करंट बारीक असतो म्हणून माणूस नुसता झिणझिणतो. पण रॅम बदलताना, पेनड्राइव्ह खुपसताना, एचडीएमआयची वायर टीव्हीले जोडताना तोच करंट पोर्टातून वाट काढतो. तुमच्या गिऱ्हाइकाचे पेनड्राइव्ह मरतात का अधूनमधून?

टेस्टर कॅबिनेटच्या स्क्रूला लावून पाहा. पेटला तर अर्थिंग नाही. आपल्याकडं तीन पिनचा बोर्ड असते, पण तिसऱ्या भोकात वायरच नसते.

---

पऱ्हाटीतला पीसी | सकाळी ९:१०

टेस्टर पेटला. चांगला लख्ख पेटला.

आणि पेनड्राइव्हचं कसं ओळखलं? मागच्या सीझनला तीन गेले. मी दुकानदाराच्या नावानं शिव्या देत होतो.

---

फेज गेली | सकाळी ९:४५

वायरमनले बोलवा. जीआय पाइप किंवा पट्टी, मीठ-कोळशाचा खड्डा. उन्हाळ्यात जमीन वाळते तेव्हा त्यात बादलीभर पाणी टाकत जा, नाही तर मे महिन्यात अर्थिंग नावालाच राहते. सोबत ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (करंट झिरपला की लाइन तोडणारा स्विच) बसवून घ्या. पीसीसाठी नाही, घरच्या लोकांसाठी. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून आपल्या इकडं माणसं जातात, ओल्या हातानं ताट्या भिजवताना.

---

धापेवाडा फास्ट | सकाळी १०:००

कूलर म्हणजे कोणता हे प्रत्येकानं स्पष्ट करा बुवा. मीनलताईंच्या प्रतिसादात मी 'चपटा कूलर' वाचून खिडकीतला कूलर चपटा कसा असतो ते पाच मिनिटं विचार करत होतो.

---

तर्री पोहे | सकाळी १०:०४

हा हा! माझ्या साळ्यानं दुकानात जाऊन 'सीपीयूचा कूलर' मागितला तर माणूस म्हणे, 'वाळ्याच्या ताट्या की हनीकोंब?'

---

कास्तकार २.० | सकाळी १०:२०

विषय निघालाच तं इचारतो. खिडकीतल्या कूलरसमोर सीपीयू ठेवला तं थंड राहील ना?

---

मीनल वणीकर | सकाळी ११:१५

राहील, पण अगदी तोंडासमोर नको. हवा थंड मिळते हे खरं, आणि आपल्या कोरड्या उन्हात ती खोली आठ-दहा अंशांनी सहज उतरवते. पण पंप जोरात असला की बारीक तुषार उडतात, आपलं पाणी जड, आणि बोर्डावर पांढरा क्षार बसतो. कूलरच्या आतली जाळी बघा, तोच थर. त्याच खोलीत, पण बाजूला ठेवा आणि समोरची खिडकी उघडी ठेवा. कोंडलेल्या खोलीत कूलर लावला तर नुसता दमटपणा वाढतो.

प्रोसेसरवरचा पंखा खोलीपेक्षा थंड कधीच करू शकत नाही. तो फक्त फरक ठरवतो. भारात खोलीपेक्षा ४५ अंश वर राहत असेल तर २८च्या खोलीत ७३, ४२च्या खोलीत ८७. यूट्यूबवरची पोरं एसीत बसून ४.४ दाखवतात. त्यांची सेटिंग तुमच्या पत्र्याखाली चालणार नाही.

---

नागझिरा नाइट्स | दुपारी १:३०

माझ्याकडे आय५ १२४००एफ आणि एच६१० बोर्ड आहे. मला कितीपर्यंत जाता येईल?

---

सोल्डर काका | दुपारी १:५२

जेवायला जाता येईल. त्याचा गुणक बंद आहे. इंटेलमध्ये नावाशेवटी 'के' आणि बोर्ड झेड मालिकेतला, असं दोन्ही लागतं. रायझेनमध्ये गुणक बहुतेक सगळ्यांचा मोकळा, पण बोर्ड ए३२० किंवा ए५२० असला तर तिथेही दार बंद. बी४५०वर चालतं, म्हणून धागाकर्ते नशीबवान.

---

नागझिरा नाइट्स | दुपारी १:५५

मग झेड बोर्डाचे पैसे वाचले. धन्यवाद काका, जेवलो.

---

डबल डेकर | दुपारी २:४०

मीनलताई, मान्य, १.४५ जास्त झालं. पण एवढी भीती कशाला? २०२४ मध्ये तर इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचे प्रोसेसर कुणी हात न लावता अस्थिर झाले. शेवटी कंपनीलाच नवा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला प्रोग्राम) काढावा लागला. म्हणजे डिफॉल्टवर ठेवलं तरी गॅरंटी नाहीच.

---

मीनल वणीकर | दुपारी ३:१०

तुमचंच उदाहरण तुमच्या विरोधात जातंय. तिथे प्रोसेसर नको तेवढं व्होल्टेज मागत होता आणि त्यानंच झिजत होता. ०x१२९ हा मायक्रोकोड त्यालाच लगाम घालायला आला. कारखान्यातून आलेलं जास्त व्होल्टेज जर चिप खातं, तर हातानं टाकलेलं सोडेल का?

---

डबल डेकर | दुपारी ३:१२

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

---

पऱ्हाटीतला पीसी | रात्री ९:३०

आकडे घ्या. खोलीत ३८ अंश. सिनेबेंचमध्ये तीन मिनिटांत ९५ला टेकला, वेग ३.५ ते ३.६. गुण ८,०९४. पंखा ट्रॅक्टरसारखा.

मग कॅबिनेट उघडलं. घर जिनिंगच्या रस्त्यावर आहे, हंगामात रुईच्या गाड्या दारावरून जातात. पंख्याच्या खाली, ॲल्युमिनियमच्या पात्यांवर, रुईची अक्खी गादी. वरून धूळ, खाली पांढरी मऊ नमदी. चिमटीत धरून ओढली तर कूलरच्या आकाराची गोल टिकलीच निघाली, मधे भोकासकट. बायको म्हणे, याची वात वळते का पाहू.

आता कूलर काढून पेस्ट बदलायची आहे. चार स्क्रू दिसतात. काढू?

---

सोल्डर काका | रात्री ९:३४

थांबा. थांबा. थांबा.

सरळ वर ओढू नका. एएम४च्या सॉकेटमध्ये (तुमच्या बोर्डावरच्या प्रोसेसरच्या खाचेत) प्रोसेसर वरून दाबून धरलेला नसतो, फक्त पिना पकडलेल्या असतात. चार वर्षांत पेस्ट वाळून डिंक झालीय. सरळ ओढलं की कूलरला चिकटून प्रोसेसरच उपटून येतो, १३३१ पिनांसकट. माझ्या पुतण्यानं मागच्या दिवाळीत हेच केलं. अकरा पिना वाकल्या. बिनशिशाची ०.५ची पेन्सिल घेऊन एकेक पिन त्या नळीत घालून सरळ केली, साडेतीन तास, चष्म्यावर चष्मा.

आधी मशीन दहा मिनिटं भारावर चालवा म्हणजे पेस्ट मऊ होते. मग बंद करून, वायर काढून, स्क्रू तिरक्या क्रमानं थोडे थोडे सैल करा. सगळे निघाले की कूलर डावी-उजवीकडे हळूहळू पिळा, दाराची मूठ फिरवतो तसा. सुटल्याचं हाताला कळतं. तेव्हाच उचला.

नवी पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी, मधोमध. जुनी आयसोप्रोपिलनं पुसून घ्या, कापसानं नको, कापूस पुरे झाला तुमच्याकडे.

---

तर्री पोहे | रात्री ९:४०

आमच्या इथं एकानं टूथपेस्ट लावली होती. दोन दिवस झकास चालली. तिसऱ्या दिवशी वाळून खडू.

---

लॅपटॉपवाला गजू | रात्री ९:४१

माझ्या लॅपटॉपचं राहिलं.

---

सातपुड्याची पायथी | १३ एप्रिल, सकाळी ११:०५

रॅमबद्दल कुणी विचारलंच नाही. धागाकर्ते, टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वेग किती दिसतो? आणि दोन्ही कांड्या कोणत्या खाचांत आहेत?

---

पऱ्हाटीतला पीसी | सकाळी ११:३०

वेग २४००. कांड्या प्रोसेसरकडून पहिल्या आणि दुसऱ्या खाचेत, शेजारी शेजारी. दुकानवाल्यानं तशाच बसवल्या होत्या.

---

सातपुड्याची पायथी | सकाळी ११:४१

बसा आता. चार वर्षं तुमची रॅम एकाच वाटेनं चालतेय. चार खाचांच्या बोर्डावर दोन कांड्या असतील तर दुसरी आणि चौथी, तेव्हा दोन वाटा उघडतात. आणि ३२००ची रॅम लावली म्हणून ती ३२००वर धावत नाही, बायॉसमध्ये एक्सएमपी (रॅमच्या छापील वेगाची सेटिंग) चालू करावं लागतं. काही बोर्डांवर त्याला ए-एक्सएमपी किंवा डीओसीपी म्हणतात. हेही एक प्रकारचं ओव्हरक्लॉकिंगच, पण कांडीच्या लेबलवर छापलेलं. रायझेनमध्ये आतली बस रॅमच्या वेगाला बांधलेली असते, त्यामुळे फायदा दुप्पट जाणवतो. केल्यावर मेमटेस्ट८६चा एक पूर्ण फेरा मात्र चालवा. रॅम अस्थिर असली की मशीन बंद पडत नाही, फाइलच खराब होते, आणि ते लग्नाच्या दिवशी कळतं.

---

विदर्भ वॉल्ट | दुपारी १२:१०

एक्स्पोर्ट करताना हार्डवेअर एन्कोडिंग निवडता का सॉफ्टवेअर? म्हणजे व्हिडिओ फाइल ग्राफिक्स कार्ड बनवतं की प्रोसेसर? १६५०मध्ये एन्कोडर बसलेला आहे. टीव्हीवर पेनड्राइव्हनं बघणाऱ्याला फरक कळत नाही. बिटरेट थोडा वाढवून ठेवा.

---

पऱ्हाटीतला पीसी | दुपारी १२:१८

सॉफ्टवेअर आहे. कधी पाहिलंच नाही.

---

कास्तकार २.० | दुपारी १२:२५

म्हंजे बैल उपाशी, जू उलटं, अन् मालक तुतारी धुंडून रायला.

---

मीनल वणीकर | दुपारी १:००

कास्तकार दादा, यावर माझं +१.

---

नियंत्रक | दुपारी १:३०

वाळ्याच्या ताट्यांच्या भावावरचे सात प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. इथे प्रोसेसरवर बोलूया.

---

पऱ्हाटीतला पीसी | १७ एप्रिल, रात्री १०:२०

अपडेट. अर्थिंग झालं, टेस्टर आता मेला. कूलर पिळून काढला, प्रोसेसर जागच्या जागी राहिला. काका, तुमच्या पाया पडतो. एकच लग्न चार वेळा रेंडर केलं, तेच प्रोजेक्ट, तीच सेटिंग. रुई काढून आणि पेस्ट बदलून ५५ची ४६ मिनिटं. रॅम खाचा बदलून एक्सएमपी चालू केल्यावर ४३. हार्डवेअर एन्कोडिंगवर २१. चौथा फेरा परत केला कारण विश्वास बसला नाही.

गरज संपली. पण आता खाज आहे. मला ओव्हरक्लॉक करून पाहायचंच आहे. सांगा.

---

मीनल वणीकर | रात्री ११:०५

हे आवडलं. घ्या मग. रॅमची सेटिंग आहे तशी ठेवा, आकडे वहीत लिहा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

सिनेबेंचचा आताचा गुण आणि टेम्परेचर नोंदवा. बायॉसमध्ये गुणक ४० करा, म्हणजे १०० गुणिले ४०, ४.० गिगाहर्ट्झ. कोअर व्होल्टेज मॅन्युअल १.२. एसओसी (प्रोसेसरच्या कोअरबाहेरच्या भागाचं व्होल्टेज) वगैरे बाकी कशालाही हात नको. विंडोज चालू झालं तर सिनेबेंच दहा मिनिटं. मशीन आपोआप रीस्टार्ट झालं किंवा निळा पडदा आला तर १.२२५, मग १.२५. टिकलं की गुणक पाव पावलानं वर, ४०.२५, ४०.५०. टेम्परेचर ८५ला पोचलं की थांबा, पुढचा १० अंशांचा गाळा मे महिन्यासाठी राखून ठेवा. १.३ व्होल्टला काहीही झालं तरी थांबा.

जिथे थांबाल तिथून एक पाऊल मागे या आणि मग ओसीसीटी किंवा प्राइम९५ तासभर चालवा. प्राइम९५ मुळात मोठमोठ्या मूळ संख्या शोधायला लिहिलेला आहे. गणिताचं उत्तर चुकलं की तो लगेच ओरडतो, म्हणून चाचणीला वापरतात. एचडब्ल्यूइन्फोमध्ये सगळ्यात खाली डब्ल्यूएचइए एरर (हार्डवेअरच्या नोंदलेल्या चुका) शून्य हव्यात. मशीन चालू आहे आणि तिथे एक जरी आकडा वाढला तरी ते अस्थिरच.

एक सापळा सांगते. व्होल्टेज फार कमी केलं तर या पिढीचे रायझेन वेग ४.० दाखवतात, पण आतून ठोके ताणतात, खरं काम कमी होतं. म्हणून एचडब्ल्यूइन्फोमध्ये 'इफेक्टिव्ह क्लॉक', म्हणजे खरा वेग, बघा आणि गुण खरंच वाढले का ते बघा. वेगाचा आकडा वाढला पण गुण घसरले, तर व्होल्टेज कमी पडतंय.

आणि सगळे कोअर एका वेगावर बांधले की एकट्या कोअरची ४.२ची उडी जाते. रेंडरला फायदा, फॉर्म भरताना ब्राउझरला किंचित तोटा.

---

सोल्डर काका | १८ एप्रिल, सकाळी ७:१५

परत यायचा रस्ता विचारला होता, तो राहून गेला. मशीन चालूच झालं नाही तर दोन-तीनदा अर्धवट सुरू होऊन बरेच बोर्ड स्वतःच डिफॉल्टवर येतात. नाही आले तर वायर काढा, सीआर२०३२चं बटन सेल पाच मिनिटं काढून ठेवा, किंवा क्लिअर सीमॉसच्या (बायॉसची सेटिंग पुसणाऱ्या) दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवा. त्या पिना कुठे आहेत ते आजच पुस्तकात शोधून ठेवा, अंधारात नको.

आता जळलेल्या बोर्डांची गोष्ट. पहिला, बायॉस अपडेट करताना लाइन गेली. यूपीएस होता, बॅटरी मेलेली. पट्टी ६० टक्क्यांवर आणि खोलीत अंधार. चिपवर अर्धा प्रोग्राम. पुढे नागपूरला एकानं सीएच३४१ए प्रोग्रामर (चिपवर प्रोग्राम लिहिणारं छोटं यंत्र) लावून तो जिवंत केला, म्हणजे खरं तर जळला नव्हताच. दुसरा खरोखर गेला: डीपीवर न्यूट्रल तुटला, घरात २३०च्या जागी ३५० आले. टीव्ही, फ्रिजचा स्टॅबिलायझर, माझा बोर्ड, सगळ्यांचं एकाच मिनिटात. तेव्हा मशीन डिफॉल्टवर होतं.

---

फेज गेली | सकाळी ७:५०

काकांच्या दुसऱ्या गोष्टीवर: म्हणूनच मीटरनंतर ओव्हर-अंडर व्होल्टेज कटऑफ लावा. अन् पीसी घरच्या इन्व्हर्टरवर असंल तं तो साइन वेव्हचा आहे का पाहा. जुन्या स्क्वेअर वेव्हवर नवे एसएमपीएस लाइन गेल्या क्षणी बंद पडतात. मग म्हणाल ओव्हरक्लॉक टिकलं नाही.

---

तर्री पोहे | सकाळी ८:१०

या धाग्यावर प्रोसेसरपेक्षा वायरमनची कमाई जास्त होणार असं दिसून रायलं.

---

पऱ्हाटीतला पीसी | २४ मे, दुपारी ३:४०

लगीनसराई उरकली, म्हणून आता लिहितो. ४.१ गिगाहर्ट्झ, १.२६ व्होल्टवर एप्रिलात तासभर प्राइम९५ टिकलं. ४.१५ला तीन मिनिटांत एक कोअर चुकला. ४.२ला विंडोजच आलं नाही, सेल काढावा लागला. हात थरथरत होते, पण मजा आली. सिनेबेंच ९,३९०.

आज बाहेर ४५, खोलीत कूलर असून ३९. रेंडर लावला तर ९१ला गेला. मग डिफॉल्टवर आणलं आणि प्रोसेसरची वीजमर्यादा, पीपीटी, ८८ वॅटवरून ७०वर उतरवली, मीनलताईंनी व्यक्तिगत निरोपात सांगितल्याप्रमाणे. आता ७८ अंश. ४.१वर लग्न २० मिनिटांत व्हायचं, या सेटिंगवर २२.

दोन प्रोफाइल बायॉसमध्ये जपून ठेवलेत. एकाचं नाव 'पूस', दुसऱ्याचं 'जेठ'.

---

कास्तकार २.० | दुपारी ३:५५

जेठात बैल सावलीले. बरं केलं. माह्या पुतणीचं लग्न डिसेंबरात आहे, तवा पूसवाल्या सेटिंगवर कॅसेट काढजो.

---

लॅपटॉपवाला गजू | दुपारी ४:०१

माझं तिसऱ्यांदा विचारून राहिलो. आय३ लॅपटॉप.

---

मीनल वणीकर | दुपारी ४:२०

गजू, माफ कर रे! होत नाही, करायचाही नाही. मागची जाळी ब्रशनं साफ कर, गादीवर ठेवू नको, आणि मागच्या दोन कोपऱ्यांखाली एकेक काडीपेटी ठेव. खालून हवा शिरू दे.

---

लॅपटॉपवाला गजू | संध्याकाळी ७:३०

ठेवल्या. आवाज खरंच कमी झाला, ताई. पण आत्ता दिवा लावायला आईनं एक काडीपेटी नेली, तवापासून तिरका टाइप करून राहिलो.